रिकामं पेर

"जेवलास का रं?"

मांडवात माईक लावून झाला की मी म्हणायचो, "आत्या, बोला काहीतरी, आवाज बघतो." ती माईकपासून वीतभर लांब बसून, पदर सावरून एवढंच विचारायची. आम्ही साऊंडवाले माईक तपासताना 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतो. तिला त्याचा भारी राग. "आकडं कोनाला सांगतंस? समोर मानूस हाय का नाय, ते तरी बग." तिचा प्रश्न भोंग्यांतून अख्ख्या वाडीला ऐकू जायचा. चुलाणावरून कोणी आचारी ओरडायचा, "व्हय, जेवलो!" मांडवामागून एखादी म्हातारी म्हणायची, "नाय गो, अजून कुठं!" आणि ही माईकवरूनच तिला सांगायची, "मंग ये हिकडं, दोगी जेवू."

आत्या म्हणायचो ते मानाने, नात्याने नव्हे. ती धवलारीन होती. पेणपासून रोह्यापर्यंतच्या आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून नवरी सासरी जाईपर्यंत जी गाणी म्हणतात, ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीन. पेणच्या खाडीकडच्या एका गावात ती राहायची. उमेदीची सगळी वर्षं तिने मिठागरात मीठ ओढलं. तळव्यांना त्याच्या खुणा होत्या आणि आवाजालाही असाव्यात, कारण तो गोड अजिबात नव्हता. खरखरीत, ठाम आणि लांब जाणारा आवाज होता. पहिल्या वर्षी मी त्यात थोडा एको टाकला, तेव्हा ती गाणं थांबवून म्हणाली, "ह्यो माज्यामागं कोन बोलतंय? त्याला सांग, एका टायमाला एकच."

माझं घर पेणजवळ गडब गावात, हायवेला लागून. घराशेजारच्या गाळ्यात माझे भोंगे, वायरी आणि अ‍ॅम्प्लिफायर असतात. तीस वर्षं झाली या धंद्याला. त्यातली वीस तरी मी तिच्या शेजारी बसून काढली. लग्न रोह्याकडे असलं की मी टेम्पो घेऊन आधी उलटा खाडीकडे जायचो, तिला पुढे बसवायचो आणि मग निघायचो. तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी असे, आणि पिशवीत पानाचा डबा, एक लुगडं आणि माझ्यासाठी काहीतरी खायचं. मी म्हणायचो, "नको आत्या, पोट भरलंय." ती म्हणायची, "व्हय, भरलंय. आनि हे वरनं ठेव."

तुमच्या लक्षात आलं असेलच. तिचं सगळं बोलणं 'व्हय'पासून सुरू व्हायचं आणि दुसरा शब्द 'आनि' असायचा.

माझा पहिला शब्द 'नाही'. हे मी आता कबूल करतो. त्या वेळी मला तो व्यवहार वाटायचा. वायर पुरेल का? नाही. भोंगा तिकडे लावता येईल? नाही. साऊंडवाल्याने आधी नाही म्हणून ठेवलेलं बरं असतं, पुढे काही बिघडलं तर आपल्यावर येत नाही. पण ही सवय दुकानातून घरात कधी आली ते मला कळलं नाही. माझी बायको हसायची. म्हणायची, "तुम्हाला सकाळी चहा हवा का विचारलं तरी आधी नाही म्हणता, मग दोन कप पिता."

धवल्यांना वही नसते. रीत जुनी, चाली जुन्या, पण प्रत्येक लग्नाची माणसं नवी, आणि त्यांची नावं गाण्यात यावीच लागतात. यासाठी तिची एक पद्धत होती. मांडवात आल्यावर ती घरातल्या कुणाला तरी समोर बसवायची आणि डावा हात उघडायची. "सांग." नवऱ्याचं नाव सांगितलं की अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवायची आणि क्षणभर दाबून धरायची. मग त्याचा बाप, वरचं पेर. आई, त्याच्या वरचं. मग दुसरं बोट, मामा, आत्या, करवल्या. चार बोटांची बारा पेरं. एवढ्यात लग्नघर बसायचं. गाताना डावा हात मांडीवर असायचा आणि अंगठा एकेका पेरावरून सरकत जायचा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी जप करतेय. पण एकही नाव चुकायचं नाही.

बाकी सगळं ती जागेवर जुळवायची. मांडवात जे घडेल ते गाण्यात. नागोठण्याच्या बाजूला एका हळदीला ऐन रंगात वीज गेली. माईक मेला, पंखे मेले, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी जनरेटरकडे धावलो, तर मागून तिचा आवाज, जराही न थांबलेला:

"लाईट गेली गो बाय, लाईट गेली,
नवरीचे रूपाला लाजून गेली."

बायका टाळ्या पिटायला लागल्या. मी जनरेटर चालू केला तर दोघी-तिघी माझ्यावरच ओरडल्या, "रव दे रे जरा!"

दुसऱ्या एका लग्नात नवरदेवाकडची मंडळी मानपानावरून तोंडं फुगवून बसली होती. कोणी बोलेना. तेवढ्यात कुणाचा तरी बोकड सुटून आला आणि दाराचं आंब्याचं तोरण खायला लागला. घरधनी काठी घेऊन धावला. हिने हात वर करून त्याला थांबवलं.

"बोकड आयला, वऱ्हाडी आयला,
मानपान नाय म्हनून तोरन खायला."

मुलीकडचे हसले, त्यात नवल नाही. पण फुगून बसलेला नवरदेवाचा काकाच आधी हसला, आणि मग बोकडाला नारळ-टोपी द्या म्हणून त्याच्याच लोकांनी आग्रह धरला. मी माझ्या डोळ्यांनी बोकडाच्या शिंगांवर टोपी पाहिली आहे. तुम्हालाही कुणी कुठल्या लग्नातली म्हणून ही गोष्ट सांगितली असेल तर ती हीच.

माझी बायको गेली त्याला आता चार वर्षं होतील. दुखणं लांबलं नाही. आज पेणच्या दवाखान्यात, उद्या मुंबईला न्यायचं ठरलं आणि परवा काही उरलंच नाही. ती आत्याच्याच गावची. आत्यानेच आमच्या लग्नात धवले म्हटले होते, तेव्हा तिचं नाव पहिल्यांदा मी भोंग्यावर ऐकलं, दुसऱ्या कोणाच्या तरी भोंग्यावर. ती गेल्यावर मी एक गोष्ट केली, ठरवून नव्हे, आपोआप. तिचं नाव घेणं सोडलं. कोणी घेतलं तर उठून गाळ्यात जायचं आणि वायरी गुंडाळत बसायचं. माणसं शहाणी असतात, हळूहळू त्यांनीही सोडलं. माझी मुलगी स्नेहल तेव्हा रोह्याला एका कंपनीत लॅबमध्ये नुकतीच लागली होती. तिने काही दिवस 'आई असती तर' अशी वाक्यं सुरू करून बघितली. मी प्रत्येक वेळी म्हणालो, "नको तो विषय." मग तिनेही सोडलं. घरात दोन माणसं, आणि दोघं भाजीत मीठ किती याच्यावर बोलायचो.

त्याच काळात पेणच्या एका कॉलेजात मी साऊंडला गेलो होतो. मुंबईहून एक तरुण बाई मुलांना नाटक शिकवायला आली होती. पण नाटकाला संहिता नव्हती, पाठांतर नव्हतं, काही नव्हतं. तिथल्या तिथे सुचेल ते करायचं. संध्याकाळी आम्हाला पुढे रोह्याजवळच्या वरसे गावी हळद होती म्हणून आत्याही टेम्पोतून उतरून मागच्या बाकावर पिशवी घेऊन बसली होती.

ती बाई मुलांना सांगत होती, "समोरचा जे देईल ते नाकारायचं नाही. तो म्हणाला पाऊस पडतोय, तर तुम्ही 'कुठे पडतोय' म्हणालात की नाटक मेलं. होय म्हणा, आणि त्यात स्वतःचं थोडं घाला. चूक झाली तर ती लपवू नका, वापरा. आणि आपण चमकायच्या ऐवजी समोरच्याला चमकू द्या. हे फक्त रंगमंचावर नाही, घरी करून बघा."

मी आवाजाच्या कन्सोलमागे बसून हसलो. बाईला वाटलं मी तिला हसलो. मी म्हटलं, "नाही मॅडम, तसं नाही. हे सगळं मी ज्यांच्याकडे बघत आलो, त्या मागे बसल्यात."

झालं. आत्याला पुढे बोलावलं. "मना नाटक नाय येत गो," म्हणत ती आली, पिशवीसकट. बाईने एका पोराला खूण केली. तो खुर्चीत बसून म्हणाला, "मावशी, हे विमान कधी सुटणार?"

आत्याने आजूबाजूला बघितलं. मग त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली. "व्हय, सुटल आता. आनि घाई कशाला, डायवर जेवतोय."

पोरगा गोंधळला. "पण मला लंडनला पोचायचंय."

"व्हय, लंडनलाच जातंय. मी पन तितंच उतरनार. माजी भाची दिलीय तितं." पिशवीतून डबा काढला. "पान खातंस? नको? मंग खिडकीकडं सरक, तुला वर लागतं का बगू. उलटी झाली तर पिशवी माजी हाय."

पुढची दहा मिनिटं वर्ग हसत होता, पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. लोक हसत होते त्या पोराच्या बोलण्यावर. हिने त्याला लंडनचा डॉक्टर केला, मग त्याला विमानात पेशंट दिला, मग त्याच्याकडून स्वतःचा गुडघा तपासून घेतला. पोरगं उतरताना वीतभर उंच झालं होतं. ती मुंबईची बाई उठून आत्याच्या पाया पडली. आत्या म्हणाली, "अगो बाय, तू जेवलीस का?"

टेम्पोत बसल्यावर वडखळपर्यंत ती पान लावत बसली. मग म्हणाली, "ती पोर काय शिकवीत व्हती नक्की?"

"समोरच्याला होय म्हणायचं. आणि पुढे चालवायचं."

"ह्याला शिबीर लागतं?" ती खूप वेळ हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना लागल पन."

मी म्हटलं, "नाही हो, मला कशाला?" आणि माझं मलाच ऐकू आलं.

पुढच्या वर्षी स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा वरशाचा, तिच्याच कंपनीतला, चांगला. या वेळी मी लगेच हो म्हणालो, याचं माझं मलाच कौतुक वाटलं. मग पत्रिका छापायची वेळ आली. स्नेहल कागद घेऊन समोर बसली. म्हणाली, "बाबा, आईचं नाव वर घालू या का? तुमच्या नावाच्या आधी."

"नाही. शुभकार्य आहे."

"लोक घालतात. नावाआधी कैलासवासी लिहून."

"नको म्हटलं ना."

तिने कागदाची घडी घातली. भांडली नाही, रडली नाही. उठताना म्हणाली, "मी गेल्यावर या घरात आईचं नाव घेणारं कोणी उरणार नाही, बाबा. तुम्ही तर घेतच नाही." आणि आत गेली.

मला तेव्हाच उठून तिच्या मागे जाता आलं असतं. मी गाळ्यात गेलो. लग्नापर्यंतचे पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी मंडप, गाड्या आणि भटजी यांच्यावर फार व्यवस्थित बोललो. रोज वाटायचं, ही अशीच जाणार. सासरी जाईल, सणाला येईल, चहा पिऊन परत जाईल, आणि माझ्याशी पुन्हा खरं काही बोलणार नाही. पोर गमावायला तिने फार लांब जायला हवं असं नाही, हे मी त्या पंधरा दिवसांत शिकलो. आणि तरी ते एक नाव तोंडातून निघेना.

हळदीच्या दिवशी सकाळी मी आत्याला आणलं. मांडव आमच्या दारात. दुसऱ्या कुणाला साऊंड द्यायचा प्रश्नच नव्हता. पोरीच्या हळदीलाही मी कन्सोलवर बसणार होतो. खरं सांगायचं तर मला ती लपायला जागा होती. आत्या सतरंजीवर बसली, डावा हात उघडला. "सांग."

घरात विचारायला मीच होतो. नवरीचं नाव, स्नेहल. अंगठा टेकला. बापाचं नाव, माझं. अंगठा वर सरकला.

"आय?"

मी वायरीची गाठ सोडवत होतो. "पुढचं घ्या, आत्या."

तिने माझ्याकडे बघितलं. ते पेर सोडून अंगठा पुढच्या बोटावर ठेवला. "मामा?"

अकराच्या सुमाराला हळदीला सुरुवात झाली. स्नेहल पाटावर बसली होती, भोवती बायका, मावशा, शेजारणी, लॅबमधल्या मैत्रिणी मोबाईल वर धरून. आत्याने चाल धरली. ही नावांची फेरी असते. ती एक ओळ म्हणते, बायका तीच उचलतात.

"मांडवी कोन गो, मांडवी कोन?
मांडवी नवरी, स्नेहल बाय.
मांडवी कोन गो, मांडवी कोन?
नवरीचा बाप, मानाचा धनी."

अंगठा सरकत होता. माझी नजर त्याच्यावर होती. मला वाटलं, आता तो मामाच्या पेरावर जाईल.

"मांडवी कोन गो, मांडवी कोन?
नवरीची आय ती, कुंदा बाय."

बायकांनी ओळ उचलली नाही.

मी तुम्हाला ती शांतता कशी सांगू? मी आवाजाचा माणूस आहे. भोंग्यातून हायवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या, एवढी. स्नेहलची मान खाली होती. तिची मामी तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. कुणीतरी हलकेच म्हणालं, "चुकली म्हातारी." आत्याचा अंगठा त्या रिकाम्या पेरावर तसाच दाबलेला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच बघत होतो ती गोष्ट: ती घाबरली होती. शुभकार्यात, भर मांडवात, गेलेल्या बाईला जिवंत म्हणून गाण्यात घेतलं होतं. अशी चूक धवलारणीला कोणी विसरू देत नाही.

एक श्वास. दोन. मग तिने मान वर केली आणि मांडवाच्या दाराकडे बघितलं, जसं कुणी खरंच उशिरा येऊन तिथे उभं आहे.

"कुंदा गो बाय, उशीर का केला?
लेकीचे हलदीला वेल का झाला?
आयली का गो कुंदा, आयली का?"

आणि थांबली. हा प्रश्न होता. याला उत्तर बायकांनी द्यायचं असतं. बायका माझ्याकडे बघत होत्या. तिने पुन्हा म्हटलं, जरा हळू:

"आयली का गो कुंदा, आयली का?"

स्नेहलने मान वर केली. तीही माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर मी खाली बघितलं असतं. राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती.

कन्सोलवर माझा एक छोटा माईक असतो, जेवणाच्या पंगतीच्या सूचना द्यायला. तो माझ्या हातात कसा आला मला माहीत नाही. मी म्हणालो, "व्हय. आयली."

भोंग्यातून माझा आवाज अख्ख्या गडब गावात गेला. फाटलेला होता, पण गेला. आणि मग मला वाटलं एवढ्यावर थांबता येणार नाही, म्हणून मी पुढे म्हणालो, "आनि... कुंदा जेवली नाय अजून."

आत्या जी हसली! रडतच हसली. लगेच माझं वाक्य उचललं.

"आयली ती आयली, चालून आयली,
जेवली नाय गो, तशीच आयली.
पाट गो मांडा, पानी गो द्या,
लेकीचे गालाला हात लावू द्या."

आता बायकांनी ओळ उचलली आणि अशी उचलली की मांडवाचं कापड हललं. मामीने आतून खरंच एक पाट आणून स्नेहलच्या शेजारी मांडला, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. स्नेहल त्या पाटाकडे बघून रडत होती, मोकळं, लहानपणी रडायची तसं.

"आयचा गो हात तो पोचत नाय,
बापाचे हातानी हलद लाव."

हे मला होतं. तीस वर्षांत कार्यक्रम चालू असताना मी कन्सोल सोडलेला नाही. उठलो. धांदलीत तो माईक हातातच राहिला, आणि भोंग्यासमोरून जाताना कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. नवशिक्यासारखी चूक. सगळा मांडव कानावर हात ठेवून हसायला लागला. ती कशाला सोडते?

"बाप निगाला, शिटी वाजली,
गाडी रोह्याची टायमात सुटली."

मी लेकीच्या गालाला हळद लावली. तिने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "बाबा, परत म्हणा." मी म्हटलं, "कुंदा." ती म्हणाली, "अजून एकदा." त्या दिवशी मी ते नाव किती वेळा घेतलं ते विचारू नका. साठलेलं होतं.

दोन दिवसांनी, सगळं आटोपल्यावर, मी आत्याला खाडीकडे सोडायला निघालो. विचारलं, "आत्या, खरं सांगा. मुद्दाम केलंत ना?"

"नाय रं. चूकच व्हती." तिने डावा हात उघडून दाखवला. "तू आयचं पेर रिकामं ठेवलंस. गाताना अंगठा आपला सवयीनं तितं गेला. खाली काय नाय. चाल तर थांबत नाय. मंग तोंडात जुनं नाव व्हतं, तुमच्या लग्नातलं, ते गेलं." हात मिटून घेत म्हणाली, "माजं काळीज अजून धडधडतंय."

"मग पुढचं?"

"पुढचं काय? झाली चूक. ती काय टाकून द्याची? आता आयलीच हाय तर बसवू म्हटलं." खिडकीतून बाहेर बघत राहिली. "पन तू बोलला नसतास ना, तर मी तितंच मेले असते. माजा एकटीचा जोर नाय पुरला."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "आत्या, तुमचे उपकार कसे फेडू?" तिने पिशवीत हात घातला, केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "व्हय, द्या."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा मी पहिलीत पास झालो होतो.

आता स्नेहल रविवारी फोन करते. म्हणते, "आई वालाची भाजी कशी करायची हो?" मला येत नाही, पण मी नाही म्हणत नाही. आठवेल ते सांगतो, ती त्यात तिचं घालते, आणि आम्ही दोघं मिळून कुंदाची भाजी करतो. कधी बरी होते. घरातल्या भिंतीवर आता फोटो आहे. पाहुणे विचारतात, आणि मी गाळ्यात जात नाही.

आत्या मागच्या वर्षी गेली, भात झोडून झाल्यावर. मला कळलं तेव्हा मी रोह्याला होतो, भोंगे बांधून झाले होते. काम दुसऱ्यावर सोपवून निघालो. तिच्या अंगणात माणसं गप्प बसली होती. तिच्या सुनेने पाणी दिलं. मी तिचा डावा हात बघितला, अंगठा बोटांवर टेकून आत वळलेला होता. कुणाचं नाव धरलं होतं कोण जाणे. एवढ्या लग्नांत तिने सगळ्यांना पेरं दिली, पण गाणारणीचं नाव धवल्यात येत नाही, ही रीतच आहे. म्हणून मीही इथे लिहिलेलं नाही. तिला ते आवडलं असतं की नाही, ठाऊक नाही. मला मात्र रोज आठवतं, आणि रोज तिचे आभार मानावेसे वाटतात, दुसरं काय करणार.

परवा रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या पुलाजवळ, एक हळद होती. धवलारीन मिळाली नव्हती. गाणी पेनड्राईव्हवर होती. तरी सवयीने मी एक माईक खाली, सतरंजीवर बसलेल्या बाईच्या तोंडाला येईल असा लावला. मांडव रिकामा होता. आवाज बघायचा होता. मी गुडघ्यावर बसलो, वीतभर लांब, आणि विचारलं, "जेवलात का?"

भोंग्यांतून ते नदीपलीकडे गेलं. मी थांबलो.

चुलाणाकडून कुणा बाईचा आवाज आला. मी तिला ओळखत नव्हतो. "व्हय, जेवलो! आनि तुमी?"

"नाय अजून," मी माईकवर सांगितलं.

"मंग या की हिकडं!"

मी माईक चालूच ठेवला आणि गेलो.